अक्कलदाढ, कवट्या आणि इरावतीबाई

परवा ओपीडीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा. उजवा गाल सुजलेला, तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, तीन दिवस नुसता पेजेवर. सोबत आजी होती आणि आजीचे निदान तयार होते: नातवाला अक्कल यायला लागली आहे! निदान बरोबरच होते. खालची अक्कलदाढ अर्धी वर आली होती, तिच्यावरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकून संसर्ग झाला होता. मी औषध लिहिले आणि त्याला दंतविभागात पाठवले. जाता जाता दारातून त्याने विचारले, की जबड्यात जागाच नसेल तर ही दाढ अजून येतेच कशाला?

बाहेर साठ-सत्तर जणांची रांग होती. उत्तर द्यायचे राहिले. प्रश्न मात्र डोक्यात राहिला, म्हणून आज उत्तर देतो. त्यासाठी एका मराठी बाईंच्या आयुष्याकडे वळावे लागेल. त्यांचे नाव कोणी अक्कलदाढेशी जोडत नाही. 'युगान्त' लिहिणाऱ्या लेखिका म्हणून त्या घराघरांत माहीत आहेत. पण इरावती कर्वे शिक्षणाने मानवशास्त्रज्ञ होत्या, आणि तरुणपणाची दोन वर्षे त्यांनी माणसाच्या कवट्या मोजण्यात घालवली होती. त्या कवट्यांनी त्यांना जे सांगितले, तेच या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

दाढ मागासलेपणाची खूण?

आधी थोडे मागे जाऊ. १८७१ साली चार्ल्स डार्विनने माणसाच्या उत्पत्तीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शरीरातल्या निकामी होत चाललेल्या अवयवांची यादी आहे आणि तिच्यात अक्कलदाढही आहे. डार्विनचे म्हणणे असे, की अधिक सुधारलेल्या वंशांमध्ये ही दाढ लहान आणि दुबळी होत चालली आहे, तर काळ्या वर्णाच्या लोकांत ती अजून भक्कम आहे. कारण म्हणून त्याने सुधारलेल्या लोकांच्या मऊ, शिजवलेल्या अन्नाकडे बोट दाखवले. अन्नाचा मुद्दा बऱ्याच अंशी बरोबर निघाला. पण त्याच वाक्यात माणसांची एक उतरंड गृहीत धरलेली होती: कोणी पुढे गेलेले, कोणी मागे राहिलेले. पुढची साठ-सत्तर वर्षे युरोपातल्या अनेक शास्त्रज्ञांनी दात, जबडे, नाके आणि कवट्या मोजल्या, त्या बहुतेक ही उतरंड सिद्ध करण्यासाठी. ती मोजपट्टी इरावतीबाईंच्या हातात आली तेव्हा काय झाले, ते आता पाहू.

इरावती नदीकाठची मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत अभियंता होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सात वर्षांची झाल्यावर तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवले. आईवडील समुद्रापलीकडे, मुलगी वसतिगृहात. तिथे तिची गट्टी जमली शकुंतला परांजपे हिच्याशी. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्या कुटुंबाने इरावतीला आपल्याच घरी आणले आणि लेकीसारखे वाढवले. पुस्तकांनी भरलेले, देवधर्माबद्दल मोकळेपणाने वाद घालणारे ते घर होते. कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही, ही सवय तिथली.

फर्ग्युसनमधून १९२६ साली त्या तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. मग मुंबई विद्यापीठात डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राकडे वळल्या. एम. ए.च्या प्रबंधासाठी विषय निवडला तो आपल्याच जातीचा, चित्पावनांचा. दरम्यान दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, आणि स्वतः जर्मनीत डॉक्टरेट करून आलेले. बायकोनेही तिकडे जाऊन शिकावे, असे त्यांच्या मनात होते. स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेल्या सासऱ्यांना मात्र सुनेचे हे परदेशी जाणे पसंत नव्हते. पैसाही नव्हता. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. हे मेहता पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बोटीने जर्मनीला निघाल्या. वय होते जेमतेम तेवीस.

बर्लिनच्या कवट्या

बर्लिनच्या डालेम भागात आदल्याच वर्षी मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची एक मोठी संस्था सुरू झाली होती. तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. १९०८ साली जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन त्यांनी गोरे आणि आफ्रिकी यांच्या मिश्र संततीचा अभ्यास केला होता, आणि असे मिश्रण हानिकारक असते असे त्यांचे मत होते. पुढे नाझी राजवटीत याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सक्तीच्या नसबंदीला शास्त्राचा शिक्का दिला.

फिशर यांनी इरावतीबाईंना जो विषय दिला, त्यामागे एक कल्पना होती. माणसाची कवटी डाव्या-उजव्या बाजूला थोडी असमान असते. फिशर यांचा तर्क असा, की ही असमानता गोऱ्या युरोपीय माणसात ठळक असणार, कारण त्याच्या मेंदूचा पुढचा भाग एका बाजूला अधिक वाढलेला असतो आणि ती बुद्धीची खूण आहे. इतर वंशांच्या कवट्यांत ती तशी दिसणार नाही. इरावतीबाईंनी कवट्या मोजायच्या आणि हे दाखवून द्यायचे.

कल्पना करा. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्ज काढून आलेली एक तरुण मुलगी. समोर कपाटांत ओळीने मांडलेल्या कवट्या. त्यांतल्या काही वसाहतींतून आणलेल्या, ज्यांच्या मालकांना कोणी विचारलेही नसेल. हातात कंपास आणि मोजपट्टी. काय सापडायला हवे ते गुरूंनी आधीच सांगितलेले. पदवी त्यांच्याच हातात.

शंभराहून अधिक कवट्या त्यांनी मोजल्या. असमानता सापडली, ती सगळ्यांमध्ये. युरोपीय कवटीत होती, तशी आफ्रिकी कवटीतही होती. एका माणसाची कवटी दुसऱ्यापेक्षा वेगळी होती. पण वंशानुसार त्यात काही क्रम लागत नव्हता. वंश आणि असमानता यांचा संबंध दिसत नाही, असेच त्यांनी प्रबंधात लिहिले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली. गुण देताना मात्र गुरूंनी हात आखडताच घेतला.

आम्ही डॉक्टर लोक रोज मोजमापे घेतो. रक्तदाब, साखर, बाळाच्या डोक्याचा घेर. आकडा हवा तसा आला नाही, तर पुन्हा मोजायचा मोह होतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. म्हणून मला बर्लिनमधल्या त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीचे फार कौतुक वाटते. त्यांनी भाषण केले नाही, मोर्चा काढला नाही. आकडा आला तसा लिहिला, एवढेच.

मग दाढेचे काय?

कवटीच्या असमानतेला लावला तोच नियम अक्कलदाढेला लावून पाहू. ही दाढ नसणे म्हणजे सुधारणा आणि असणे म्हणजे मागासलेपण, हे खरे आहे का?

जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर असे दिसते, की साधारण दर पाच माणसांत एकाला चारपैकी निदान एक अक्कलदाढ मुळातच तयार होत नाही. हे प्रमाण आशियात जास्त, आफ्रिकेत बरेच कमी आहे. लगेच उतरंड लावायची घाई नको. उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक पिढ्यान्‌पिढ्या गोठलेले मांस आणि कातडी दातांनी चावत आले. जबड्याला त्यांच्याइतके काम क्वचितच कोणी दिले असेल. तरी त्यांच्यात अक्कलदाढ नसण्याचे प्रमाण चांगलेच मोठे आहे. आणि चीनमध्ये लान्तियान येथे १९६३ साली एका आदिमानवाचा जबडा सापडला. तो लाखो वर्षांपूर्वीचा, आपल्या जातीचा माणूस जन्मायच्याही आधीचा. त्यात दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा मुळातच नाहीत! त्याने कोणती सुधारणा पाहिली होती? थोडक्यात, दाढ असणे-नसणे हा आईबापांकडून आलेल्या जनुकांचा खेळ आहे, जसे गालावरची खळी किंवा रक्तगट. त्यावरून कोणाची पायरी ठरत नाही.

आता मुलाचा खरा प्रश्न: जागा नाही, तरी दाढ का येते? उत्तर असे, की दात आणि जबडा यांचे हिशेब वेगवेगळ्या ठिकाणी होतात.

दाताचा आकार मुख्यतः जनुकांवर ठरतो, आणि तो हिरडीच्या आत, चावण्याचा ताण पडण्याआधीच ठरून जातो. अक्कलदाढेचा वरचा भाग आठ-दहा वर्षांच्या वयापासून जबड्यात घडू लागतो आणि चौदा-पंधराच्या आसपास पूर्ण होतो. एकदा घडलेला दात पुढे वाढत नाही आणि आक्रसतही नाही. जबड्याचे हाड मात्र वापराप्रमाणे वाढते. व्यायामाने दंड भरतात, तसे लहानपणी चावण्याचे काम जितके जास्त, तितका जबडा लांबीला वाढतो. हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्यावर अमेरिकेत प्रयोग झाला. काही पिल्लांना कच्चे, वाळलेले अन्न दिले, काहींना तेच अन्न शिजवून मऊ करून. मऊ खाणाऱ्यांच्या चेहऱ्याच्या मागच्या आणि खालच्या भागाची वाढ सुमारे १० टक्के कमी भरली. आपल्याकडेही १९८० च्या दशकात चंदीगडच्या परिसरात खेड्यातल्या आणि शहरातल्या तरुणांच्या दातांची ठेवण तपासली गेली. लोक एकाच भागातले, पण मऊ अन्न खाणाऱ्या शहरी मुलांत वेडेवाकडे दात अधिक दिसले.

सोलापूरकरांना हे पटकन समजेल. आपल्या आजोबांच्या पिढीने कडक भाकरी फोडून खाल्ली, उसाचे कांडे दातांनी सोलले, भाजलेले शेंगदाणे आणि हरभरे खिशात ठेवून चघळले. आज ऊस रसवंतीत, भाकरीच्या जागी पाव आणि दूध-बिस्किटे. दोन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. दाढ जुन्याच मापाची येते, जबडा नव्या मापाचा राहतो, आणि सगळ्यात शेवटी, साधारण १७ ते २५ या वयात येणाऱ्या पाहुणीला बसायला पाट उरत नाही. म्हणून ती आडवी होते, अर्धी अडकते किंवा हाडातच राहते.

मग उत्क्रांतीने ही दाढ काढून का टाकली नाही? कारण उत्क्रांती म्हणजे कोणी मुकादम नव्हे, की नको ती वस्तू उचलून बाहेर टाकेल. एखाद्या गोष्टीमुळे माणसे मूलबाळ होण्याआधीच मोठ्या संख्येने मरत असतील, तर ती पिढ्यांमागून पिढ्या विरळ होत जाते. अक्कलदाढ उशिरा येते, आणि जबडे भरपूर वापरात होते तोवर ती फारशी अडतही नव्हती. शिवाय ती काही वेगळी वस्तू नाही. दाढा पाठोपाठ एकाच पट्टीतून मागे मागे तयार होतात, आणि तिसरी ही त्याच रांगेतली शेवटची. पहिल्या दोन शाबूत ठेवून तेवढी तिसरी बंद करणारा साधा खटका शरीरात नाही. जी गोष्ट फारशी त्रास देत नाही, ती टिकून राहते.

हाडे वाचणारी बाई

इरावतीबाई जर्मनीहून परतल्या. १९३१ ते १९३६ त्या मुंबईला महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. फायली आणि सह्या यांत त्यांचा जीव रमला नाही. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा त्या तिथे रुजू झाल्या आणि कायमच्या तिथल्याच झाल्या. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलियाही तिथे आले. दोघांनी मिळून १९४० च्या दशकात उत्तर गुजरातमध्ये मोहिमा काढल्या. मेहसाणा भागात लांघणज येथे वाळूच्या टेकाडात बारीक दगडी हत्यारे मिळत होती. ती वापरणारा माणूस कसा होता, हे कळत नव्हते. तिथे अश्मयुगीन शिकाऱ्यांचे सांगाडे मिळाले, पाय पोटाशी घेऊन पुरलेले. मुंबईचे शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. कुरुलकर यांच्यासह इरावतीबाईंनी त्या हाडांचा अभ्यास केला. भारतात अशा प्राचीन माणसाची हाडे शास्त्रीय पद्धतीने पाहण्याचे काम तेव्हा नुकते सुरू होत होते.

डेक्कन कॉलेजात रुजलेली ही परंपरा पुढे वाढली. १९६८ साली, इरावतीबाई हयात असतानाच, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन सुरू झाले. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी सापडले. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरलेले. त्यांच्या दातांवर पुढे बारकाईने अभ्यास झाला. शेतीचे धान्य शिजवून खाऊ लागलेल्या माणसाच्या दातांना कीड लागू लागते, हे त्या दातांत दिसते. शिकारी माणसाची गोष्ट वेगळी. त्याचे दात कीड कमी लागलेले, पण झिजलेले. चावून चावून दातांच्या कडाही एकमेकींवर घासत, रांग थोडी आखूड होई आणि मागच्या दाढेला आपोआप जागा मिळे. त्या काळी अडकलेली अक्कलदाढ विरळाच. म्हणजे आमच्या ओपीडीतल्या त्या मुलाचे दुखणे दाढेतून कमी आणि ताटातून जास्त आले आहे.

महाराष्ट्र मोजला, मग चालला

इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींची शरीरमापे घेतली. ते काम १९५१ साली प्रसिद्ध झाले. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाक. त्या काळचे शास्त्र तसेच होते, आणि नाकाच्या रुंदीवरून माणसांचे गट पाडण्याची ती रीत आज आपण मागे टाकली आहे. त्या स्वतःही त्या चौकटीतून पूर्ण बाहेर पडल्या नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. पण आकड्यांना बोलू देण्याची बर्लिनची सवय कायम होती. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या एकाच पायरीच्या मानल्या जाणाऱ्या आठ ब्राह्मण जातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक पायरी एक असली म्हणजे शरीराने त्या एकमेकींच्या जवळच्या असतात, असे आढळले नाही. पायरी समाजाने ठरवलेली असते आणि शरीराला तिची खबर नसते, असा त्याचा साधा अर्थ मी लावतो.

हे सगळे करताना त्या घरात बसलेल्या नव्हत्या. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांच्याकडे लोक वळून पाहत. गावोगाव, रानोमाळ हिंडून नात्यागोत्यांची माहिती गोळा केली आणि १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. 'परिपूर्ती', 'भोवरा' यांतून मराठीला ललित निबंधाची नवी वाट दाखवली. 'युगान्त'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जाई, गौरी आणि आनंद ही तीन मुले वाढवली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे याही लेखिका झाल्या.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचे एक नाते आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरपर्यंत पायी चालल्या. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी हा रस्ता आपण दर आषाढीला पाहतो, कित्येक वर्षे मी तिथे वैद्यकीय पथकातून वारकऱ्यांचे पाय धुऊन फोडांना पट्ट्या बांधल्या आहेत. इरावतीबाईंनी त्या वाटेवर दोन गोष्टी पाहिल्या. एक, की ज्या प्रदेशाचे लोक पंढरपूरला येतात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना तिथे सापडली. दुसरी, की दिवसभर एकत्र अभंग म्हणत चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात. हे दुसरे त्यांना फार लागले आणि ते त्यांनी लपवले नाही. कवटी असो की पंगत, दिसले ते लिहिले. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

दाढ आणि वयाचा दाखला

हे सारे जुने झाले, आज त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारेल. सरकारी रुग्णालयात त्याचा उपयोग अनेकदा होतो. जन्माचा दाखला किंवा शाळेची नोंद नसलेल्या मुलामुलींना पोलीस वय ठरवण्यासाठी घेऊन येतात. मुलगी अठराची आहे की नाही, यावर तिचे लग्न, तिच्यावरचा गुन्हा, कुणाची शिक्षा, सगळे अवलंबून असते. आम्ही सांध्यांचे एक्स-रे पाहतो आणि दातही पाहतो. तोंडात अक्कलदाढ पूर्ण आली असेल तर वय बहुधा सतरा ओलांडलेले आहे, एवढे म्हणता येते. पण ती आली नसेल तर? ती मुळात तयारच झाली नसेल, आत अडकली असेल किंवा उशिरा येणार असेल. दाढ दिसत नाही म्हणून माणूस अठराच्या आतलाच, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. एक्स-रेत मुळांची वाढ पाहूनसुद्धा एक-दोन वर्षांचा फरक धरावाच लागतो. त्या टेबलावर मला इरावतीबाईंची आठवण होते. हाड जेवढे सांगते तेवढेच लिहायचे. आपल्याला किंवा साहेबांना हवे आहे ते त्याच्या तोंडी घालायचे नाही.

आता घरी उपयोगी पडतील अशा चार गोष्टी. अक्कलदाढ सुजली तर कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा, ब्रश मागेपर्यंत न्या आणि दंतवैद्याला दाखवा. दाढेत अ‍ॅस्पिरिनची गोळी धरू नका, त्याने हिरडी भाजते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. ताप, हनुवटीखाली किंवा मानेला सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काही असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात या. हा संसर्ग मानेत उतरला तर जिवावर बेतू शकतो.

दाढ अडकलेली आहे एवढ्यावरून प्रत्येकाने ती काढलीच पाहिजे असे नाही. वारंवार सूज येत असेल, शेजारची दाढ किडत असेल, गाठ धरली असेल तर काढावी, नाहीतर लक्ष ठेवावे. आणि एक महत्त्वाचे: गुटखा, मावा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले, तिखट झोंबू लागले, तर ते अक्कलदाढेवर ढकलू नका. ती कर्करोगाआधीची पायरी असू शकते. मुलांना दात आल्यावर चावायला लागेल असे खाणे द्या; भाकरी, गाजर, ऊस, भाजलेले हरभरे. त्याने दाढेला जागा मिळेलच अशी हमी मी देत नाही, पण जबड्याला काम मिळेल आणि बिस्किटे कमी होतील, हा फायदा तर नक्कीच.

तो मुलगा आठवड्याने परत आला. सूज उतरली होती, पण एक्स-रेत दाढ आडवी निघाली आणि ती काढायचे ठरले. त्याला मी वरचे उत्तर थोडक्यात सांगितले. आजी शेजारी बसून ऐकत होती. मग म्हणाली, की तिला स्वतःला ही दाढ कधी आलीच नाही, आणि तरी तिने चार मुले, सहा एकर जिरायत आणि दोन दुष्काळ निभावले.